नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



जुलै महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती, लोक पांगले होते, आम्ही सॅक्रिस्टीत झगा उतरवून ठेवत होतो. दारात एक माता येऊन उभी राहिली. ती आपल्या धर्मग्रामातली नाही, माहेरी आईला भेटायला आली होती. सोबत चौथीत शिकणारा मुलगा. मुलाच्या डोक्यावर टोपी होती. चर्चमध्ये मुलग्यांनी टोपी काढावी एवढे त्याला नक्कीच माहीत असणार. आमची नजर टोपीकडे गेली तशी आईने ती आपल्या हाताने काढली. खाली तांबूस केस, वाळत आलेल्या मक्याच्या कणसाच्या केसांसारखे.

आई म्हणाली, "फादर, ह्याच्या केसांना काळा रंग लावला तर पाप लागेल का? देवानं दिलेलं बदलल्यासारखं होईल का?"

हळूहळू सगळे कळले. मुलाच्या पणजीचे केस असेच होते, म्हणजे हे वाण घराण्यातून आलेले. घरात त्याचे कुणाला काही वाटत नाही. शाळेत मात्र त्याला 'तांब्या' म्हणतात. पाण्याच्या सुट्टीत "तांब्या कुठंय रे, पाणी प्यायचंय" असे ओरडतात. एका दिवशी कुणीतरी त्याच्या डोक्यावर बाटलीतले पाणी ओतले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून टोपी. शाळेत टोपी चालत नाही, म्हणून शाळाच नको असे आता त्याचे म्हणणे.

आम्ही लगेच उत्तर दिले. "पाप कसलं त्यात? म्हातारी माणसं लावतात, तसा लावा." आईला बरे वाटले. मुलगा सगळा वेळ खाली फरशीकडे पाहत होता. आम्ही त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि ती दोघे गेली.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. उत्तर चुकले असे वाटत होते, पण काय चुकले ते सापडत नव्हते. रंग लावणे पाप नाही हे तर खरेच. मग टोचत काय होते? टोचत होता तो एक शब्द. 'तांब्या'. हा शब्द आम्ही पूर्वी ऐकला होता. खरे म्हणजे ऐकून हसलो होतो. त्याविषयी आज लिहायचे आहे. त्या मातेची परवानगी आम्ही घेतली आहे.

एक बाक, दाराजवळचा

नव्वद सालच्या सुमारास आम्ही पाचवीत होतो. गाव कालव्याच्या पट्ट्यातले, जवळच साखर कारखाना. दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या यायच्या. कुणी पाथर्डीकडचे, कुणी बीडकडचे. माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. त्यांतली मुले सहसा शाळेत येत नसत. आई-बाप पहाटे फडात गेले की धाकट्या भावंडांना सांभाळायचे काम त्यांच्याकडे असे. त्या वर्षी मात्र एक मुलगा आमच्या वर्गात येऊन बसू लागला. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, एकटा. त्याचे केस विरळ, कोरडे आणि तांबूस होते.

नाव कुणी ठेवले आठवत नाही. आठवड्याच्या आत तो 'तांब्या' झाला. आमच्या एका गुरुजींनीही एकदा हजेरी घेताना त्याला त्याच नावाने हाक मारली. वर्ग खदखदून हसला आणि त्या दिवसापासून त्या नावावर जणू शाळेचा शिक्का बसला. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गेली, तोही गेला.

आम्ही ते नाव ठेवले नव्हते. आम्ही त्याला कधी ढकलले नाही, मारले नाही. आम्ही फक्त हसलो. ह्या 'फक्त'च्या आधारावर आम्ही पुष्कळ वर्षे निर्धास्त होतो.

पुढे सेमिनरीत असताना अकोले तालुक्यातील एका पाड्यावर काही आठवडे राहण्याचा योग आला. तेथे दवाखाना चालवणाऱ्या एक सिस्टर होत्या. एक लहान मुलगी त्यांच्यापुढे बसली होती. सिस्टरांनी तिच्या केसांची एक बट बोटांवर धरून आम्हांला दाखवली. मुळाशी काळी, मधे तांबूस, टोकाला पुन्हा काळसर. त्या म्हणाल्या, "ब्रदर, हा रंग नाही. ही भूक आहे. हा मधला तांबडा पट्टा म्हणजे हिच्या घरात खायला नव्हतं ते दिवस."

केस हा प्रथिनांचाच बनलेला असतो आणि त्याला काळेपणा देणारे रंगद्रव्य तयार व्हायलाही प्रथिनांतलाच एक घटक लागतो. मुलाच्या पोटात डाळ, दूध, अंडी, मांस-मासळी पुरेशी गेली नाही तर केस विरळ होतात, निस्तेज होतात आणि तांबूस पडतात. पुन्हा पोटभर मिळू लागले की काळा केस उगवतो. म्हणून एकाच केसावर झेंड्यासारखे पट्टे दिसतात. डॉक्टरांच्या पुस्तकांत ह्या लक्षणाला झेंड्याचेच नाव आहे. सिसिली विल्यम्स ह्या डॉक्टर बाईंनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, अशा मुलांच्या आजाराचे वर्णन केले. पुढे त्याला 'क्वाशिओरकोर' हे नाव त्यांनी तिथल्याच गा भाषेतून घेतले. धाकटे भावंड जन्मले म्हणून आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ.

प्रत्येक तांबूस केस हा भुकेचा नसतो. उन्हाने केस भुरे होतात, तेल न लागल्याने होतात, काहींचे जन्मतःच तसे असतात. पण आमच्या वर्गातल्या त्या मुलाचे विरळ, कोरडे केस आठवले आणि सिस्टरांपुढे आमची मान खाली गेली. त्या काळी शाळेत दुपारचे जेवण मिळत नसे. केंद्र सरकारची योजना १९९५ साली आली आणि मुलांना शिजवलेले अन्नच द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. तो मुलगा दुपारच्या सुट्टीत कुठे जायचा हे आम्ही कधी पाहिले नाही. आम्ही डबा खायचो आणि तो आला की हसायचो. बहुधा भुकेला हसायचो.

तीन डोकी

आता कुणी म्हणेल, फादर, मुलांना हे कुठे माहीत होते? वेगळे दिसले म्हणून हसली. मुलांचा स्वभावच असतो.

आम्हीही असेच समजत होतो. पण मागल्या महिन्यात आठवडे बाजारात उभे असताना एक गोष्ट ध्यानात आली. समोरून एक वयस्क गृहस्थ आले. डोक्याला मेंदी लावलेली, केस आणि दाढी लाल-केशरी. दुकानदार उठून उभा राहिला, "या चाचा, बसा." थोड्या वेळाने कॉलेजात जाणारी एक मुलगी गेली. तिने पार्लरमध्ये पैसे देऊन केसांच्या बटा तांबड्या करून घेतल्या होत्या. तिच्या मैत्रिणी कौतुकाने हात लावून पाहत होत्या. आणि भाजीच्या पालांमागे पोत्यावर एक पोर बसले होते. केस तसेच तांबूस. त्याला एक जण "ए भुऱ्या, सरक" म्हणून निघून गेला.

रंग एकच. डोकी तीन. हसू आणि हेटाळणी मात्र तिसऱ्याच्याच वाट्याला. म्हणजे आपण समजतो तसे रंगाला कुणी हसत नाही. चाचांच्या मागे वय आहे आणि पैसा आहे, त्या मुलीच्या मागे मैत्रिणी आहेत. तिसऱ्याच्या मागे कुणी नाही. हसणारा आधी हे पाहतो की ह्याच्या बाजूने कोण उभे राहील. कुणीच नाही असे दिसले की मग तो कारण शोधतो. केस सापडले तर केस, नाही तर नाक, बोलणे, चालणे, कपडे, आडनाव.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. जन्मतः लाल केस असणारी माणसे जगात शंभरात एक-दोनच. १९९५ साली शास्त्रज्ञांनी ह्या रंगाचा संबंध एका जनुकाशी जोडून दाखवला. आई आणि वडील दोघांकडून तो वारसा आला तर सहसा मुलाचे केस लाल होतात, आणि आई-वडील दोघे काळ्या केसांचे असूनही मूल लाल केसांचे होऊ शकते. मुलाचा त्यात ना गुण ना दोष. तरीही युरोपात शेकडो वर्षे अशा माणसांना नावे ठेवली गेली. चित्रकारांनी यहूदा इस्कर्योतला लाल केसांचा रंगवला. शुभवर्तमानांत त्याच्या केसांविषयी एक अक्षर नाही. पण दगाबाज कसा दिसतो हे लोकांनी आधीच ठरवले होते. २००९ साली नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका शाळेत मुलांनी इंटरनेटवर निरोप फिरवला की आज लाल केसांच्यांना लाथा मारायच्या. बारा वर्षांच्या एका मुलाला अनेकांनी मिळून मारले. पोलिसांनी तीन मुलांना अटक केली. एका विनोदी कार्टून मालिकेवरून ही कल्पना सुचली असावी असे तेव्हा सांगण्यात आले. सगळे गमतीत चालले होते.

आपल्याला हे नवे नाही

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारे गावात थोडे होते. जातीचे नाव हीच हाक, आणि ती हाकच शिवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत होते तेव्हा त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई हजर नसला तर तहान लागूनही पाणी मिळत नसे. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. तेव्हाही वर्गात पुष्कळ मुले होती. त्यांतली बहुतेक काही वाईट नसतील. ती फक्त बसून होती.

आपल्या पणजोबांना अशा नावांतून बाहेर पडायला किती कष्ट पडले हे आपण घरात सांगतो, आणि सांगावेच. पण मग आपल्याच अंगणात एखाद्या पोराला 'काळ्या', 'भुऱ्या', 'बुटक्या', 'चकण्या' म्हणून हाक मारली जाते तेव्हा आपण हसतो कसे? ज्याला चटका बसला आहे त्याने तरी दुसऱ्याच्या हातावर निखारा ठेवू नये.

आपल्या मराठी भाषेत एक विलक्षण गोष्ट आहे. बाळाचे 'नाव ठेवतात' आणि माणसाला 'नावे ठेवतात'. शब्द जवळजवळ तेच. एकात आशीर्वाद, दुसऱ्यात शिक्षा. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू दाराशी आई-वडिलांना पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की तुम्ही ह्या बाळाचे नाव काय ठेवता? पाणी, तेल, मेणबत्ती हे सगळे नंतर. आधी नाव. कारण नाव म्हणजे अख्खा माणूस. ह्या बाळाचे अजून काहीच ठाऊक नसते. ते गोरे होईल की सावळे, हुशार की मंद, कुणी सांगू शकत नाही. तरी आपण त्याला पूर्ण नाव देतो.

टोपणनाव ठेवणारा नेमके उलटे करतो. तो माणसातला एक तुकडा उचलतो आणि म्हणतो, तू एवढाच. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक भेद आम्ही घोकला होता. वस्तूचे स्वत्व वेगळे आणि तिच्यावर येऊन-जाऊन असणारे गुण वेगळे. आंबा हिरव्याचा पिवळा झाला तरी आंबा तोच. केसांचा रंग हा असा येणारा-जाणारा गुण आहे. पन्नाशीत तो आपल्या सगळ्यांचाच जातो. पण वर्गातल्या चाळीस मुलांनी रोज 'तांब्या' म्हटले की नऊ वर्षांच्या पोराला वाटू लागते, मी म्हणजे माझे केस. परीक्षेत हा भेद लिहिणे सोपे होते. वर्गात तो पाळणे आम्हांला जमले नाही.

शास्त्र काय सांगते

पवित्र शास्त्रात तांबूस वर्णाची दोन माणसे आहेत, एसाव आणि दावीद. मूळ हिब्रू भाषेत दोघांसाठी एकच शब्द आहे. एसाव जन्मला तोच तांबूस. पुढे भुकेने व्याकूळ होऊन तो शेतातून आला आणि भावाजवळ त्याने तांबडे कालवण मागितले, म्हणून त्याला एदोम, म्हणजे तांबडा, हे नाव पडले असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. भुकेल्या माणसाला त्याच्या भुकेच्या वेळीच चिकटलेले नाव! ते त्याच्या वंशजांनाही चिकटले. दाविदाला शमुवेल संदेष्ट्याने अभिषेक केला, पण त्याआधी देवाने शमुवेलाची कानउघाडणी केली की माणूस बाहेरचे पाहतो, मी अंतःकरण पाहतो. मग रणांगणावर गल्याथ समोर आला. त्याने दाविदाला पाहिले आणि तुच्छ लेखले. का? तर हा कोवळा पोर, तांबूस वर्णाचा. म्हणजे ज्या रूपाचे शमुवेलाच्या घटनेत कौतुक आहे त्याच रूपाला गल्याथ हसतो. रूप तेच, पाहणारा वेगळा.

आणि प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात काय केले पाहा. खून करू नका ही आज्ञा सांगताना त्याने त्याच ओळीत भावावर रागावणे आणि भावाला मूर्ख म्हणून हिणवणे आणून बसवले. आपल्याला हे फार वाटते. कुठे खून आणि कुठे चिडवणे! पण जो शब्द रोज थोडा थोडा आत जातो तो कुठवर जातो हे प्रभूला माहीत होते. आज वर्तमानपत्र उघडले की आपल्यालाही माहीत होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ह्या जिभेच्या पापांचा एकेक करून विचार केला. शिवीगाळ, निंदा, चहाडी, उपहास आणि शाप. उपहासाविषयी त्यांचे म्हणणे आम्ही विद्यार्थी असताना वाचले होते, त्या रात्री पुन्हा काढून वाचले. ते म्हणतात, उपहास करणाऱ्याचा हेतू समोरच्याला लाजवण्याचा असतो. शिवी देणारा निदान समोरच्याचा दोष गंभीरपणे घेतो. उपहास करणारा तो दोष खेळणे म्हणून घेतो. म्हणजे त्याच्या लेखी समोरच्याचे दुःख हे दुःखच नसते. एखाद्या लहानशा गोष्टीवरून सहज केलेली थट्टा हलकी मानता येईल. पण समोरच्या माणसालाच क्षुद्र समजून केलेला उपहास शिवीपेक्षा जड आहे.

आपण सगळे उलटे समजत होतो. आपले नेहमीचे उत्तर काय? "अहो, गंमत केली!" जणू गंमत म्हटले की ओझे उतरले. संत थॉमस सांगतात की ओझे तिथेच चढते. रागाच्या भरात बोललेला माणूस निदान समोरच्याकडे पाहत असतो. गंमत करणारा पाहतो बाकीच्यांकडे, कोण कोण हसले ते मोजायला.

फक्त हसणारे

आणि येथे आमचा 'फक्त' हातातून निसटतो. वर्गात नाव ठेवणारा एकच होता. तो एकटाच 'तांब्या' म्हणत राहिला असता आणि कुणीच हसले नसते तर दोन दिवसांत कंटाळला असता. त्या शब्दाला बळ कुणी दिले? आम्ही दिले. ह्या पानावर आम्ही रिवाजाप्रमाणे 'आम्ही' लिहितो, पण त्या वर्गातला 'आम्ही' खरोखरच अनेकांचा होता. चाळीस जण मिळून हसलो, म्हणून प्रत्येकाला वाटले की आपला हिस्सा चाळिसावा. पाप असे वाटून घेता येत नाही. त्या मुलाने चाळिसावा हिस्सा ऐकला नाही, त्याने सगळे हसू ऐकले.

आज त्या मुलाची माफी मागावी असे फार वाटते. तो आता आमच्याच वयाचा असेल, चाळिशी ओलांडलेला. कुठे असेल, कोयता सुटला असेल की मुलांच्या हातीही आला असेल, ठाऊक नाही. शोधायचे म्हटले तर सुरुवात नावापासून करावी लागेल, आणि त्याचे खरे नाव आम्हांला आठवत नाही. कितीही आठवले तरी आठवत नाही. 'तांब्या' तेवढे आठवते. त्याच्या आई-बापांनी ठेवलेले नाव आम्ही चाळीस जणांनी मिळून पुसून टाकले. ह्या लेखाचे शीर्षक तेथून आले आहे.

मग रंग लावायचा की नाही?

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे परत येऊ. पहिल्यांदा वाटले, तिला निरोप द्यावा की रंग लावू नका, मुलाला ताठ मानेने जाऊ द्या. पण हेही सोपे उत्तर आहे, कारण ताठ मानेची किंमत आम्ही भरणार नाही, नऊ वर्षांचे पोर भरणार. मोठ्यांच्या तत्त्वासाठी लहानांना झुंजायला पाठवणे हा काही धर्म नव्हे. दुसरीकडे, रंग लावला तर मुलगा एक गोष्ट शिकेल, की हसणारे बरोबर होते आणि माझ्यात खरेच काही झाकण्यासारखे आहे. शिवाय केस रोज वाढतात. पंधरा दिवसांत मुळाशी तांबूस दिसेल आणि चिडवणाऱ्यांना नवे खेळणे मिळेल. शरीराचाही विचार आहे. बाजारातल्या बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचे रसायन असते, त्याने कातडीला मोठी ॲलर्जी होऊ शकते, म्हणून लहान मुलांना असा रंग लावू नये असे डॉक्टर सांगतात. हे तरी आम्ही त्या दिवशीच सांगायला हवे होते.

विचार करता करता आमची चूक आम्हांला सापडली. आईने विचारले होते, पाप लागेल का? आम्ही म्हणालो, नाही. खरे उत्तर असे होते, की पाप आहे, पण ते तुमच्या दारात नाही. स्वतःचे केस झाकू पाहणाऱ्या मुलाला दोष नाही, त्याला झाकणाऱ्या आईला नाही. ज्यांनी झाकण्याची वेळ आणली त्यांच्याकडे तो प्रश्न न्यायला हवा होता. आणि आम्ही, ज्यांनी तेथे जायचे, घरबसल्या रंगाची परवानगी देऊन मोकळे झालो.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मातेला फोन केला. चुकलो असे सांगितले. रंगाचे तूर्त राहू द्या, आधी शाळेत जाऊ म्हणालो. ती कचरत होती. "फादर, तक्रार केली तर त्याला अजून त्रास देतील." ही भीती खोटी नाही. आम्ही तिच्यासोबत गेलो. वर्गशिक्षिकेने शांतपणे ऐकून घेतले. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या १७ व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. त्याची आठवण द्यावी लागली नाही. बाईंनी दोनच गोष्टी केल्या. वर्गात प्रत्येकाला हजेरीतल्याच नावाने हाक मारायची असा नियम घातला आणि तो स्वतःपासून लागू केला. आणि एका दांडगट पण मनाने चांगल्या मुलाला ह्याच्या बाकावर बसवले. भाषण दिले नाही.

सगळे चांगले झाले असे आम्ही सांगणार नाही. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला होता. चिडवणे कमी झाले आहे, थांबलेले नाही. टोपी अजून दप्तरात असते, पण डोक्यावर रोज नसते. आणि बाकावरचा नवा सोबती रविवारी घरी खेळायला येऊन गेला. रंगाची बाटली आणलेली नाही. उद्या मुलगा मोठा होऊन म्हणाला की मला केस काळे करायचे आहेत, तर तो त्याचा प्रश्न. तेव्हा तो भीतीने विचारत नसावा एवढेच आपण पाहायचे.

आपल्या धर्मग्रामापुरते

आता आपल्याविषयी. आपल्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, वेदीसेवक मुले आहेत, गायकवृंद आहे, क्रिकेटचा संघ आहे. ह्या प्रत्येक ठिकाणी एखादे मूल असे असेल की ज्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नाही. पालकांना विनंती, आज घरी गेल्यावर मुलाला "तुला कुणी चिडवतं का?" एवढेच विचारून थांबू नका. "तुमच्या वर्गात कुणाला चिडवतात? आणि तेव्हा तू काय करतोस?" असेही विचारा. पहिल्या प्रश्नाने आपले मूल सांभाळले जाते, दुसऱ्याने दुसऱ्याचे. आणि घरातही बघा. "काळी माझी", "जाड्या माझा" असे आपण लाडाने म्हणतो. लाड खरा असतो, पण तोच शब्द उंबरठा ओलांडून शाळेत गेला की लाड घरी राहतो आणि शब्द तेवढा जातो.

कुणाच्या मुलाचे केस अलीकडे विरळ व तांबूस होत असतील, मूल किरकिरे झाले असेल, पाय किंवा चेहरा सुजल्यासारखा दिसत असेल, तर त्याला नाव ठेवू नका आणि तेल बदलून वाटही पाहू नका. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन वजन-उंची करून घ्या. दिवाळीनंतर आपल्या शिवारात पुन्हा टोळ्या येतील, कोप्या उभ्या राहतील. त्या मुलांपैकी कुणी शाळेत आले, चर्चच्या पटांगणात खेळायला आले, तर त्याला आधी नाव विचारा. नाव विचारून ते लक्षात ठेवा. आमच्याकडून जे झाले नाही ते तुमच्या मुलांकडून व्हावे.

प्रभू येशूने शिष्यांना सांगितले की पित्याने तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजले आहेत. मोजणाऱ्याने रंग पाहून कुणाचे केस मोजदादीतून वगळले असे कुठे लिहिलेले नाही. आपणही वगळू नये.

तुमचे,
फादर